पिंजऱ्यातील हिरवाई

चेन्नईच्या दक्षिण भागात वेलचेरी ही दाट लोकवस्ती आहे. तिच्या उत्तरेस गिंडी राष्ट्रीय उद्यान, तर दक्षिणेस पल्लिकरणैची पाणथळ भूमी आहे. अशा ठिकाणी सदनिकेच्या सज्जात एखाद्याने शॅमेलिऑन जातीचा सरडा पाळला, तर त्याच्या पिंजऱ्यातील झाडे कशी जगवावीत? या पाठात आपण या प्रश्नाचा विचार करू.

प्रथम कायदा जाणून घेऊ. आपल्याकडील घोयरा सरडा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित आहे. त्याला पकडणे किंवा घरी पाळणे हा गुन्हा आहे. येमेन व सौदी अरेबियातील, डोक्यावर उंच तुरा असलेली जात परदेशात पाळली जाते. भारतात असा विदेशी प्राणी बाळगणाऱ्यास २०२४ च्या नियमांनुसार शासनाकडे नोंदणी करावी लागते.

पिंजऱ्यातील झाड केवळ शोभेसाठी नसते. हा सरडा साचलेल्या पाण्याकडे सहसा वळत नाही. पानांवरील थेंब चाटून तो तहान भागवतो. पानांआड लपल्याने त्याला सुरक्षित वाटते. म्हणून पिंजऱ्यात दररोज पाण्याचा फवारा मारावा लागतो. नेमकी येथेच अडचण उद्भवते. सरड्यासाठी मारलेले पाणी कुंडीत उतरते व माती सतत ओली राहते. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवा असते. त्या पाण्याने भरल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि ती कुजतात. मग पाने पिवळी पडतात. झाड तहानलेले आहे असे समजून माणूस आणखी पाणी घालतो आणि झाड मरते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात चेन्नईत ईशान्य मोसमी पाऊस पडतो. तेव्हा हवा दमट असल्याने माती वाळण्यास अधिक वेळ लागतो.

यावरचा नियम सोपा आहे : पान भिजावे, मूळ बुडू नये. कुंडीच्या तळाला भोके असावीत. मातीत जाडी वाळू व नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळावा. बोट मातीत पेरभर खुपसून पाहावे. आत कोरडे लागले तरच कुंडीत पाणी घालावे. जड पाण्याने पानांवर पांढरे डाग पडतात. म्हणून फवाऱ्यासाठी गाळलेले, क्षार कमी असलेले पाणी घ्यावे.

झाडाची निवडही महत्त्वाची आहे, कारण हा सरडा पानेही खातो. जास्वंद योग्य ठरते. कण्हेर व रुई विषारी असल्याने टाळावीत. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपावर कीटकनाशक असू शकते. त्याची पाने धुवावीत, माती बदलावी आणि काही आठवडे ते वेगळे ठेवावे. जास्वंदीला भरपूर उजेड लागतो. म्हणून दोन कुंड्या ठेवाव्यात : एक पिंजऱ्यात असताना दुसरी सज्जातील उन्हात सावरते.

ज्याच्या आश्रयाने प्राणी जगतो, ते झाडही सजीव आहे. दोघांच्या गरजा भिन्न आहेत, हे ओळखणे म्हणजेच खरी जोपासना होय.

पाठावरील प्रश्न
१. पाने पिवळी पडल्यावर आणखी पाणी घालणे अपायकारक का ठरते?
२. रोपवाटिकेतील नवे रोप लगेच पिंजऱ्यात का ठेवू नये?
३. आपल्या घरातील एका कुंडीची माती आठवडाभर तपासा व नोंद लिहा.