उड्या मोजल्या, उतरणं कुणी पाहिलं?

गुडघ्याच्या वाटीखाली दुखतंय म्हटलं की आमच्या व्हॉलीबॉलच्या सरांचं उत्तर ठरलेलं: "वॉर्मअप कर, मोकळं होईल." व्हायचंही, आणि तिथेच घात होता. वाटीखालचं हे दुखणं, म्हणजे 'जम्पर्स नी', अंग गरम झालं की दबतं आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना व्याजासकट वसूल करतं.

खरा प्रकार कळला तो मित्राने मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओमुळे. पहिल्या सेटमध्ये स्मॅश मारून मी दोन्ही पायांच्या चवड्यांवर उतरतोय, गुडघे आणि कंबर छान वाकतायत. पाचव्या सेटमध्ये तोच मी नुसत्या डाव्या पायावर, गुडघा ताठ, धप्प! सरांना दाखवला. पुरता पाहिलाही नाही. "पॉइंट मिळाला ना?" वर सगळ्यांसमोर, "हल्लीची पोरं नाजूक."

नाजूक! २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नॉर्वेच्या अव्वल पुरुष व्हॉलीबॉलपटूंपैकी सुमारे ४५ टक्क्यांना हाच त्रास होता. तेही नाजूकच असतील.

फिजिओ मॅडमनी दोन मिनिटांत उलगडा केला. मांडीचे स्नायू दमले की धक्का झेलायला कमी पडतात. पाय ताठ पडला की तोच भार क्षणात वाटीखालच्या टेंडनवर येतो. आणि आमच्याकडे ब्लॉकच्या उड्या कधी? पळणं, स्क्वॉट्स सगळं उरकल्यावर!

तेव्हा पोरांनो, उड्या सरावाच्या सुरुवातीला मारा. शूटिंग शेवटच्या सेटचं करा, तेही बाजूने, म्हणजे गुडघा किती वाकतो ते दिसेल. धप्प आवाज वाढला की त्या दिवशी उड्या बंद. दुखणं मैदानावर मोजू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी एका पायावर थोडं खाली बसून बघा. रोजच्यापेक्षा जास्त दुखलं तर काल अति झालं. नुसत्या विश्रांतीने भागत नाही, टेंडनला वजनाची सवय लावावी लागते. मला लेग एक्स्टेन्शन मशीनवर जड वजन ४५ सेकंद स्थिर धरायला लावलं, असं ५ वेळा, मध्ये २ मिनिटं थांबून. पण वजन किती ते फिजिओलाच ठरवू द्या. बाकी झोप, पाणी, बरे बूट हे आलंच.

सर अजूनही उड्या शेवटीच मारून घेतात. आता म्हणे लिबेरोच्याही गुडघ्याला पट्टा आलाय. ज्याला सामन्यात ब्लॉक करायची परवानगीच नाही, त्याला!