नाडी लोंबणारा सुपरमॅन

मी काही सिनेमाचा किडा नाही. वर्षाला तीन-चार सिनेमे, तेही कुणी ओढून नेलं तर. मूळ धुळ्याचा, नोकरीनं जळगावकर. सुपरहिरोंशी माझी ओळख टिकली ती ताईच्या मुलामुळे. मामानं तिकीट काढायचं आणि भाच्यानं मामाला अडाणी ठरवायचं, असा आमचा करार. या करारात पैसे गेले, थोडी अक्कल आली. ती अशी:

१. ट्रेलर म्हणजे स्थळाचा फोटो.

फोटोग्राफरनं उजेड कुठून मारलाय ते फोटोत दिसत नाही. २०११ च्या दिवाळीत 'रा.वन' आला. त्याआधी कितीतरी दिवस टीव्ही लावला की तोच. मित्रांना घेऊन गेलो आणि चेहरा पाडून परतलो. सिनेमा अगदीच वाईट होता असं आज वाटत नाही. पण थिएटरात बसण्याआधीच मी मनातल्या मनात माझा एक 'रा.वन' काढून मोकळा झालो होतो आणि पडद्यावरचा त्याच्याशी जुळेना. तेव्हापासून ट्रेलर एकदाच पाहतो, तोही आवाज बंद करून.

२. दुसऱ्याच्या भाऊबंदकीत मधेच शिरू नये. शिरलात तर गप्प बसावं.

२६ एप्रिल २०१९ ला 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' लागला. २००८ च्या 'आयर्न मॅन'पासून सुरू झालेल्या मालिकेतला हा बाविसावा सिनेमा. मी आधीचे दोनच पाहिलेले. तीन तास मी भाच्याला विचारत होतो, "हा कोण? तो का रडतोय?" शेवटी तो वैतागून म्हणाला, "मामा, लग्न आपल्या घरचं नाही, जेवून घे ना!" पोरगं चौदा वर्षांचं, पण बोललं खरं. पुढच्या रांगेतली मुलं हुंदके देत होती. त्यांनी अकरा वर्षं त्या माणसांबरोबर काढली होती. माझे डोळे कोरडे राहिले यात सिनेमाचा दोष नव्हता.

३. एप्रिल-मे महिन्यांत सगळे सिनेमे बरे असतात.

जळगावच्या उन्हात दुपारचा शो म्हणजे तीन तासांची थंड हवा. त्यात कुणी उडून दाखवलं तर तो नफा. उन्हाळ्यात पाहिलेल्या सिनेमाबद्दलचं माझं मत मी स्वतःच गंभीरपणे घेत नाही, तुम्हीही घेऊ नका.

४. लाईट गेली की गोष्ट वाढते.

१९९७ ला 'शक्तिमान' सुरू झालं तेव्हा मी बारा वर्षांचा. गल्लीत टीव्ही मोजके आणि ऐन मारामारीत लाईट जायची. मग आम्ही ओट्यावर बसून उरलेला भाग आपापल्या मनानं पुरा करायचो. कुणी खलनायकाला पांझरेच्या पुरात ढकलायचा, कुणी थेट लळिंगच्या किल्ल्यावरून खाली फेकायचा. दुसऱ्या दिवशी खरा शेवट कळला की तो हमखास फिका वाटे. आता पडद्यावर सगळंच दाखवतात. शहर पडतं, आभाळ फाटतं, प्रेक्षकाला करण्यासारखं काही शिल्लक राहत नाही. पैसा दिसतो, पण ओट्यावरची मजा येत नाही.

५. 'आपला' म्हणून सूट देऊ नये आणि ओझंही लादू नये.

२०१५ च्या फेब्रुवारीत निखिल महाजन यांचा 'बाजी' आला. श्रेयस तळपदे मुखवटा घालून घोड्यावर, मराठी सुपरहिरो! मी दोन अपेक्षा खिशात घालून गेलो होतो. एक, मराठी आहे म्हणजे हॉलीवूडला दाखवून द्यायला हवं. दुसरी, मराठी आहे म्हणजे थोडं सांभाळून घ्यायला हवं. दोन्ही एकाच वेळी. बिचाऱ्या सिनेमाला दोन्हीकडून मार. साधी गोष्ट म्हणून तो पाहायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

६. मत जेवणानंतर द्यावं.

थिएटरच्या पायऱ्यांवर दिलेलं मत पार्किंगच्या गर्दीनंही बिघडतं. आम्ही आधी शेवभाजी खातो. तर्री घशाखाली उतरेपर्यंत जो प्रसंग आठवतो, तेवढा सिनेमा खरा. कधी कधी एकही आठवत नाही. मग आम्ही शेवभाजीवर बोलतो.

७. उडणं महत्त्वाचं, उंची नाही.

हे मला धुळ्याहून एसटीनं तासाभरावर असलेल्या मालेगावनं शिकवलं. यंत्रमागांचं गाव. शुक्रवारी माग बंद आणि टॉकीज भरलेल्या. तिथं व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी आधी 'मालेगाव के शोले' काढला, मग थेट सुपरमॅनला हात घातला. ते सगळं फैजा अहमद खान यांनी २००८ च्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात टिपलंय. सुपरमॅन झालेला शफीक शेख हा मागावरचा कामगार, अंगानं काडी. उडायचं म्हणजे मागे हिरवं कापड आणि पुढे आडवा झालेला शफीक. शूटिंगमध्ये कॅमेरा पाण्यात पडतो, काम अडतं, पुन्हा सुरू होतं. आणि त्या लाल चड्डीची नाडी बाहेर लोंबते.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पोट धरून हसलो. दुसऱ्यांदा पाहताना हसू अर्ध्यावर अडकलं, कारण तोवर कळलं होतं की शफीक पुढे कर्करोगानं गेला. सिनेमा करणाऱ्यांना आपल्याजवळ काय नाही हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी नाडी आत खोचली नाही. हॉलीवूडशी बरोबरी करायचा आव त्यांनी आणलाच नाही, आणि मग पडायला जागाच उरली नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' लागला. भाचा आता पुण्याला कॉलेजात, पण सुटीला आला होता. दोघं गेलो. या वेळी "हा कोण, तो कोण" असं तो विचारत होता आणि मी सांगत होतो. लग्न आमच्या घरचं होतं.

त्याच वर्षी जुलैत हॉलीवूडचा नवा 'सुपरमॅन' आला. २०१३ च्या 'मॅन ऑफ स्टील'मध्ये काढून घेतलेली लाल चड्डी त्याला परत मिळाली होती. थिएटरातून भाच्याचा पुण्याहून फोन, "मामा, पाहिला का? कसा वाटला?"

म्हटलं, "बरा आहे भो. नाडी तेवढी दिसली नाही."