देव पाण्यातून बाहेर काढ

काल रात्री साडेअकराला तुझं नाव मोबाइलवर दिसलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. वाटलं, आईचं काही बिनसलं. तू हळू आवाजात म्हणालीस, "ताई, उद्या त्या कंपनीची बोर्ड मीटिंग आहे. येईल ना गं काहीतरी चांगली बातमी?" बराच वेळ बोललीस, आणि शेवटी मी "येईल गं, झोप आता" म्हणून फोन ठेवला. मग मलाच झोप लागेना. तुला मी खोटा धीर दिला होता, आणि लहानपणापासून तुझ्याशी मी एवढी एक गोष्ट कधी केली नव्हती. म्हणून सकाळी डबे व्हायच्या आत हे लिहायला बसले.

गौरीला घरी आली होतीस तेव्हाच मला शंका आली होती. सव्वानऊ वाजले की तू ओट्यापाशी मोबाइल उघडायचीस, आणि तुझा चेहरा बघून मला कळायचं की आजही लोअर सर्किट लागलं, म्हणजे तुझा शेअर एका दिवसात पडू शकतो तेवढा पडला. पुरण घाटता घाटता तू दोनदा थांबलीस. रात्री गच्चीवर गेलीस तीही त्या शेअरवाल्यांच्या ग्रुपवरचे मेसेज वाचायला. 'मोठा गुंतवणूकदार येतोय', 'होल्ड करा, पॅनिक होऊ नका', 'सोमवारी धमाका'. त्या लोकांना मी नावं ठेवणार नाही. तीही तुझ्यासारखीच अडकलेली माणसं आहेत, देव पाण्यात घालून बसलेली. एकमेकांना धीर देण्यापलीकडे त्यांच्या हातात काही उरलेलं नाही.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नव्हती. मला नोकरी लागली त्या वर्षी, नव्वदच्या दशकात, सागवानाच्या झाडांत पैसे गुंतवायची लाट आली होती. आज एवढे भरा, वीस वर्षांनी झाडाचे लाख घ्या. मी पाच हजार भरले, माझे जवळजवळ दोन पगार. जाड कागदाचं सर्टिफिकेट आलं, वर हिरव्या झाडाचं चित्र. वर्षभराने कंपनीची पत्रं यायची थांबली. मग रोज दुपारी ऑफिसातून मी शेजारच्या काकूंना फोन करायचे, पोस्टमन आला का, म्हणून. अप्पांना काहीच बोलले नव्हते. ते सर्टिफिकेट साड्यांच्या घडीत दडवलेलं होतं. दोन वर्षं मी त्या पत्राची वाट बघितली. अशा सगळ्या कंपन्यांसाठी सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, १९९९ मध्ये नियम केले, तोवर माझ्यासारख्या कितीतरी जणांचे पैसे गेलेले होते. पाच हजार गेले त्याचं दुःख कधीच ओसरलं. पण त्या दोन वर्षांत मी अप्पांशी धड एक वाक्य बोलले नाही, ते आजही सलतं. तू आत्ता मेहुण्यांची नजर चुकवतेस ना, तशीच मी चुकवत होते.

आता तू जिचे शेअर घेतलेस त्या कंपनीकडे येऊ. तिचं नाव मी लिहीत नाही. तिच्याबद्दल पुढे काय निघेल ते निघेल. पण जेन्सोलचं जे झालं ते तू मुद्दाम समजून घे, कारण ते सगळं सेबीच्या १५ एप्रिल २०२५ च्या आदेशात लिहिलेलं आहे. जेन्सोल इंजिनीअरिंग सौरऊर्जेची कामं करायची आणि कर्ज काढून विजेवरच्या गाड्या घ्यायची. त्या गाड्या त्याच प्रवर्तकांच्या ब्लूस्मार्ट या स्टार्टअपला टॅक्सीसाठी भाड्याने जायच्या. दिल्लीत, बंगळुरूत लोक त्या निळ्या-पांढऱ्या गाड्यांचं कौतुक करायचे. चालक सभ्य, गाडी स्वच्छ, धूर नाही. असं काही डोळ्यांनी दिसलं की माणूस विश्वास टाकतोच. २०१९-२० मध्ये कंपनीचे बाहेरचे भागधारक होते १५५. २०२४-२५ पर्यंत ते १ लाख ९ हजारांच्या वर गेले. त्याच काळात प्रवर्तकांचा हिस्सा सत्तर टक्क्यांवरून पस्तिसाच्या आसपास आला. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघ. मालक बाहेर पडत होते त्याच दारातून तुझ्या-माझ्यासारखी माणसं आत शिरत होती.

मार्च २०२५ च्या सुरुवातीला दोन पतमानांकन संस्थांनी कंपनीचं रेटिंग थेट 'डी'वर आणलं. 'डी' म्हणजे कर्जाचा हप्ता थकला. त्यातल्या एकीने तर कंपनीने दिलेले कागद खोटे असल्याचा संशय बोलून दाखवला. तेव्हा शेअर पाचशेच्या आसपास होता. मग दहा दिवसांत कंपनीने जाहीर केलं, एका शेअरचे दहा करणार. किती जणांना ही चांगली बातमी वाटली असेल! अगं, भाकरीचे चार ऐवजी दहा तुकडे केले म्हणून भाकरी वाढते का? पण रोज लाल आकडा बघून थकलेल्या डोळ्यांना काहीही हिरवं दिसतं. एप्रिलच्या मध्यावर तोच शेअर एकशे तीसच्याही खाली होता.

चाकणची गोष्ट तर आपल्या दारातली. तिथे त्यांचा विजेवरच्या गाड्यांचा कारखाना होता, आणि तीस हजार गाड्यांची आगाऊ नोंदणी झाल्याची बातमी जानेवारीत सगळीकडे झळकली होती. ९ एप्रिलला राष्ट्रीय शेअर बाजाराचा अधिकारी तिथे जाऊन आला. आत दोन-तीन मजूर होते, उत्पादन काही चाललेलं नव्हतं. त्याने विजेची बिलं मागितली. महावितरणचं वर्षभरातलं सगळ्यात मोठं बिल डिसेंबर २०२४ चं, १ लाख ५७ हजार रुपयांचं. आणि ती नोंदणी? नऊ संस्थांशी केलेले सामंजस्य करार, ज्यांत गाडीची किंमतही नव्हती आणि ती कधी द्यायची तेही नव्हतं. विजेचं बिल वाचायला शेअर बाजारातलं काही कळावं लागत नाही गं. तू दर महिन्याला घरचं वाचतेसच.

सरकारी वित्तसंस्थांकडून ६,४०० गाड्यांसाठी ६६३ कोटींचं कर्ज उचललं, गाड्या घेतल्या ४,७०४. उरलेल्यातला पैसा फिरत फिरत गुरुग्रामच्या एका महागड्या फ्लॅटपर्यंत गेल्याचं सेबीने नोंदवलं. ब्लूस्मार्टच्या गाड्या त्याच आठवड्यात रस्त्यावरून नाहीशा झाल्या आणि हजारो चालकांचा रोजगार एका रात्रीत थांबला. जूनमध्ये जेन्सोलची दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली.

यावर तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. पेटीएमचं उदाहरण देशील. काल फोनवर दिलंसच. खरं आहे, पेटीएम वर आला. नोव्हेंबर २०२१ मध्ये २,१५० रुपयांना दिलेला शेअर पहिल्याच दिवशी पंधराशेच्या घरात बंद झाला. ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध आणले आणि पुढचे दोन दिवस तो वीस-वीस टक्क्यांनी कोसळला. त्या मे महिन्यात तर तीनशे दहापर्यंत आला. तरी पुढे तो हजाराच्या वर गेला. पण तो का सावरला ते बघ. बँकेवर गदा आली तरी धंदा चालू होता. आपला भाजीवाला तोच क्यूआर कोड लावून बसलेला होता. मार्चमध्ये दुसऱ्या चार बँकांच्या आधाराने यूपीआय चालू ठेवायची परवानगी मिळाली. आणि एवढं सावरूनही, ज्यांनी २,१५० ला घेतला होता त्यांना तो भाव २०२५ मध्येही परत दिसला नाही.

अडचणीत आलेली कंपनी वेगळी आणि खोटं बोललेली कंपनी वेगळी. पहिलीसाठी थांबायचं की नाही, हा हिशोबाचा प्रश्न आहे. दुसरीसाठी थांबूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तुझी कंपनी कुठल्या खात्यात बसते ते ग्रुपवर विचारू नकोस. बीएसई किंवा एनएसईच्या साइटवर कंपनीच्या घोषणा असतात, फुकट. त्यात ऑडिटरने मध्येच राजीनामा दिलाय का, रेटिंग किती घसरलंय, प्रवर्तकांनी शेअर गहाण टाकलेत का, निकाल वेळेवर आलेत का, एवढंच बघ. तू काल मला तीन गोष्टी सांगितल्यास: निकाल लांबले, ऑडिटर गेला, तिथल्या लोकांचे पगार थकलेत. बातमी बातमी म्हणून तू जिची वाट बघतेस, ती आलेली आहे, बाळा. तिला गोड शब्द नाहीत म्हणून तुला ती बातमी वाटली नाही.

आणि 'मोठा खरेदीदार येतोय' यावर फार विसंबू नकोस. दिवाळखोरीच्या कायद्यात पैसे वाटायची ओळ ठरलेली असते. आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारण घेतलेले सावकार, मग बाकीचे कर्मचारी, विनातारण कर्ज देणारे, सरकार. साधे भागधारक सगळ्यात शेवटी. डीएचएफएल ही आपल्या मुंबईची गृहकर्ज कंपनी आठवते? जून २०२१ मध्ये पिरामलने ती घ्यायला न्यायाधिकरणाने मंजुरी दिली, तेव्हा शेअरला वरचं सर्किट लागलं होतं. लोक आनंदाने घेत होते. पण त्याच योजनेत जुन्या भागधारकांच्या शेअरची किंमत शून्य धरलेली होती. काही दिवसांत व्यवहार थांबले आणि शेअर बाजारातून गेला. कंपनी वाचली, भागधारक वाचला नाही. त्या आठवड्यात ज्यांनी आणखी शेअर घेऊन अ‍ॅव्हरेज केलं असेल त्यांची मला फार कणव येते.

त्यामुळे आधी एक वचन दे. यापुढे या शेअरमध्ये एक रुपयाही घालायचा नाही. तू तीनदा अ‍ॅव्हरेज केलंस, तिसऱ्यांदा तर भिशीचे पैसे घालून. तुझे १ लाख ८० हजार त्यात आहेत, आणि त्यातला काही भाग लेकीच्या अ‍ॅडमिशनचा आहे, हे तू मला सांगितलं नसलंस तरी मला कळलंय.

विकायचं ठरवलंस तर एक लक्षात ठेव: लोअर सर्किटमध्ये विकणारे हजार आणि घेणारा एखादाच, म्हणून दुपारी टाकलेली ऑर्डर तशीच पडून राहते. भाव सारखा असला की ज्याची ऑर्डर आधी त्याचा नंबर आधी लागतो. रात्रीच ब्रोकरच्या अ‍ॅपवर दुसऱ्या दिवसाची ऑर्डर लावून ठेव. थोडे थोडे जातील. नाही गेले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लाव. हे रोज करायला जिवावर येईल, पण नुसतं बघत बसण्यापेक्षा बरं. शिवाय तोटा कागदावर यायला शेअर विकलेला असावा लागतो. वर्षाच्या आत घेतलेल्या शेअरचा तोटा इतर कुठल्याही भांडवली नफ्यातून वजा होतो, त्याहून जुन्याचा फक्त दीर्घकालीन नफ्यातून. उरलेला पुढची आठ वर्षं ओढता येतो. अट एकच, रिटर्न मुदतीत भरलेलं हवं. तुझ्या म्युच्युअल फंडात नफा आहे ना? मग हा तोटा थोडा का होईना कामी येईल. शेअर बाजारातून गेला की ही वाट फार अवघड होते.

पुढे कधी दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झालीच, तर कुणी म्हणेल अमुक फॉर्म भरा, वकिलाला पाच हजार द्या, पैसे काढून देतो. देऊ नकोस. तिथे दावा घेणेकऱ्यांनी करायचा असतो. शेअरधारक म्हणून तुझं नाव डीमॅटच्या नोंदीत आहेच. तक्रार करायची असेल तर ती त्याआधीच सेबीच्या स्कोअर्स या तक्रारींच्या साइटवर कर, तिथे पैसे लागत नाहीत. बुडालेल्या माणसाच्या दारात लुबाडणारे दुसऱ्यांदा येतात. सागवानाच्या वेळी माझ्याही दारात आले होते, आणि मी त्यांना आणखी सातशे रुपये दिले होते.

मेहुण्यांना आज सांग. बोर्ड मीटिंगचा निकाल यायच्या आधी सांग. निकाल चांगला आला तर सांगायची गरजच नाही, असं तुझ्या मनात चाललंय ते मला ठाऊक आहे. म्हणूनच म्हणते, आधी. ते चिडतील. दोन दिवस बोलणार नाहीत कदाचित. पण गेल्या वर्षी त्यांच्या दुकानाची उधारी बुडाली तेव्हा त्यांनी तुझ्यापाशीच येऊन रडून घेतलं होतं, हे तूच मला सांगितलंस. ज्या घरात एकदा असं रडून झालंय, तिथे तुला रात्री गच्चीवर जाऊन मोबाइल बघायची वेळ का यावी? आणि तुझी अक्कल काढली तर मला फोन लाव. मी बोलेन त्यांच्याशी. सेबीला, बँकांना, मोठमोठ्या वित्तसंस्थांना जे वेळेत कळलं नाही, ते माझ्या बहिणीला कसं कळावं?

अप्पांना मी शेवटी सांगितलं ते त्यांच्या आजारपणात. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "म्हणजे तू त्या वर्षी दिवाळीला नवी साडी घेतली नाहीस ती म्हणून?" त्यांनी एवढी वर्षं ते लक्षात ठेवलं होतं, आणि मला वाटत होतं त्यांना काहीच माहीत नाही.

रविवारी मी येते. साडेदहाच्या गाडीने निघाले तर जेवायच्या वेळेला पोचेन. डीमॅटचं स्टेटमेंट आणि तुझी ती निळी वही काढून ठेव, ज्यात किती तारखेला किती घेतले ते लिहिलंयस. मेहुण्यांनाही घरीच राहायला सांग, तिघं मिळून बसू. आणि त्या ग्रुपमधून आत्ताच बाहेर पड. हे वाचून झालं की लगेच. मग मला एक फोन कर, मी घरीच आहे.