उभं करून मोजा

"वयस्सायितु." वय झालं! बाबांना उठताना अंधारी येते, हे मी दर भेटीत सांगायचे आणि मल्लेश्वरममधल्या त्या मनोविकारतज्ज्ञांकडून दर वेळी हाच एक शब्द मिळायचा. काडू मल्लेश्वराच्या देवळात नमस्कार घालून उठताना बाबा कोसळले, मनगट मोडलं, तरी उत्तर तेच. वर ठपका माझ्यावरच, "एकट्याला कशाला पाठवता?"

आई गेल्यावर बाबांना नैराश्य आलं होतं. झोप उडाली होती, नको नको ते बोलत होते. गोळ्यांनी ते सावरले, हे मी नाकारत नाही. सकाळी एसिटालोप्राम, रात्री क्वेटियापिन. बीपीची गोळी आणि प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन आधीपासून होतीच. ही सगळी यादी मी कागदावर लिहून त्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवत होते. माझा राग इथे आहे. सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

उलगडा झाला तो मनगटासाठी घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीमुळे. तिने बाबांना पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घेतलं, मग उभं करून पुन्हा घेतलं. वरचा आकडा १४२ वरून १०८ वर! यंत्र बिघडलं असेल म्हणून मी परत घ्यायला लावलं. तोच प्रकार. आणि बाबा पलंगाचा कठडा घट्ट धरून म्हणाले, "हेच होतं गं मला, कधीचं सांगतोय." इतके दिवस त्यांना खुर्चीत बसवून बीपी मोजत होते. ते उत्तम यायचं आणि त्याच आकड्यावर बोट ठेवून मला गप्प केलं जायचं.

आपण उभे राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. तेव्हा नॉरअ‍ॅड्रिनलिन रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा-१ नावाच्या ग्राहकांना चेतवतं, वाहिन्या आवळतात आणि मेंदूचा पुरवठा टिकून राहतो. क्वेटियापिन मेंदूतले डोपामिन आणि सेरोटोनिनचे ग्राहक अडवतं, हिस्टामिनचे अडवतं म्हणून गुंगी येते. पण ते हे अल्फा-१ सुद्धा अडवतं. टॅम्सुलोसिनचं तर कामच अल्फा-१ अडवण्याचं. त्याचा रोख प्रोस्टेटवर असला तरी थोडा परिणाम वाहिन्यांवरही होतो. त्यात बीपीची गोळी. मग उठल्याबरोबर डोक्याकडे रक्त पुरेसं चढणार कसं? उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर तो दोष धरतात. बाबांचा ३४ ने उतरला होता.

हे आकडे घेऊन त्याच मनोविकारतज्ज्ञांकडे गेले तर म्हणाले, "गूगल वाचून येऊ नका." कागदाला हातही लावला नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २२ प्रमाणे उपचार आणि त्याचे ज्ञात दुष्परिणाम जाणून घेण्याचा हक्क रुग्णाला आणि त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला आहे. मी उपकार मागायला गेले नव्हते.

आम्ही डॉक्टर बदलले. नव्या बाईंनी क्वेटियापिन हळूहळू कमी केलं, बीपीच्या गोळीचा डोस फिजिशियनशी बोलून उतरवला. अंधारी थांबली. एसिटालोप्राम चालूच आहे.

आमच्यासारखी वेळ आलेल्यांना सांगते. चिडून गोळ्या एकदम बंद करू नका. बेळगावची आत्या फोनवर "फेकून दे ते विष" म्हणत होती. एसिटालोप्राम अचानक थांबवलं तर गरगरणं, मळमळ, बेचैनी आणि डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येऊ शकतात, कारण मेंदू त्या औषधाला सरावलेला असतो. झोपेसाठी दिलेलं क्लोनाझेपाम अनेक दिवस घेऊन अचानक सोडलं तर फिटसुद्धा येऊ शकते. डोस उतरवायचा तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने.

म्हातारं माणूस एसिटालोप्रामसारख्या गोळीवर असताना एकाएकी गोंधळल्यासारखं वागू लागलं, गळून गेलं, तर रक्तातलं सोडियम तपासून घ्या. ते १३५ च्या खाली गेलेलं असू शकतं. सोबत लघवी वाढवणारी बीपीची गोळी असेल तर हा धोका आणखी वाढतो. सगळी औषधं एकाच मेडिकलमधून घ्या. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायला सांगा, मगच उभं राहायला. पाणी भरपूर पाजा, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर. धीर धरा, असंही सगळे सांगतात. मला तो धरवला नाही.

कोणी ऐकूनच घेत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. त्याचं मुख्य केंद्र आपल्या बेंगळुरूच्याच निम्हान्समध्ये आहे. आणि पुढच्या भेटीत नुसत्या खुर्चीतल्या बीपीवर उठून येऊ नका. झोपवून आणि उभं करून घेतलेले दोन्ही आकडे केसपेपरवर लिहून द्या म्हणावं, ते लिहीपर्यंत जागचं हलू नका.