ताप उतरला, पण कामाला कधी लागायचं?

डेंग्यूच्या रुग्णाचा ताप चौथ्या-पाचव्या दिवशी उतरतो आणि घरातले हुश्श करतात. रात्रभर तळमळत होता, आता कुठे डोळा लागलाय, कुणी उठवू नका, असं आई सगळ्यांना बजावते. वाचकहो, उठवा. ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तासच या आजारात सगळ्यांत जोखमीचे. रक्तवाहिन्यांतला द्रव बाहेर झिरपतो, रक्तदाब ढासळतो आणि अंगाला हात लावावा तर ते गारच लागतं, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. हाक मारल्यावर जो नीट ओळखून बोलतो, पाणी पितो, लघवीला जाऊन येतो, त्याला खुशाल परत झोपू द्या. जो नुसता हुंकार देऊन कलंडतो, ज्याचे तळहात-तळपाय गार आहेत, पोट सारखं दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय किंवा पाच-सहा तासांत लघवीच झालेली नाही, तो झोपेत नाही, गुंगीत आहे. त्याला लगेच रुग्णालयात न्या. सकाळची वाट पाहू नका, आणि पपईच्या पानांचा रस काढत तर मुळीच बसू नका.

हे दोन दिवस पार पडले की रक्तातल्या पेशी (प्लेटलेट्स) वाढू लागतात. आपल्याकडे सगळ्या घराचा जीव त्या पेशींच्या आकड्यात अडकलेला असतो. आकडा दीड लाखाच्या वर गेला की रुग्ण बरा झाला, असं गृहीत धरलं जातं. तो धोक्याबाहेर आलेला असतो, एवढंच. अंगातली ताकद परत यायला बहुतेकांना दोन-तीन आठवडे लागतात, काहींना त्याहून बरेच जास्त.

डेंग्यूची साथ पावसाळ्यात सुरू होते आणि दिवाळीपर्यंत रेंगाळते. त्यामुळे दिवाळीच्या तोंडावर दवाखान्यात दिसणारी एक बाई माझ्या चांगल्या ओळखीची झाली आहे. दरवर्षी चेहरा तेवढा वेगळा. डिस्चार्ज होऊन आठवडा झालेला असतो. एके सकाळी तिला बरं वाटतं, म्हणून ती स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे खाली काढते, घासते, पुसते, पुन्हा वर लावते. त्या दिवशी काही होत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र वेणी घालायला हात वर जात नाही, डोकं जड, अंग ठणकतंय. घरचे म्हणतात, काल तर चांगली कामं करत होतीस! त्यात नाटक काही नाही. विषाणूच्या आजारानंतर श्रमाचा हिशेब त्याच वेळी लागत नाही, तो एक-दोन दिवसांनी समोर येतो.

म्हणून माझा सल्ला एवढाच, की आज किती झेपलं हे आज ठरवू नका, उद्या सकाळी ठरवा. पहिले काही दिवस उठून बसणं, जेवायला ताटावर येणं, स्टुलावर बसून अंघोळ करणं एवढं पुरे. उठताना आधी पाय खाली सोडून मिनिटभर बसा, मग उभे राहा. चक्कर येऊन बाथरूममध्ये पडलेले रुग्ण आम्ही नेहमी पाहतो. मग घरातल्या घरात सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं चाला. चालताना सहज बोलता आलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्याइतकंच किंवा जास्त बरं वाटलं, तर दोन-तीन मिनिटं वाढवा. गळून गेल्यासारखं वाटलं, तर निम्म्यावर या आणि दोन दिवस तिथेच राहा. 'घाम गाळला की अशक्तपणा जातो' हे सांगणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांना नमस्कार करावा आणि पुढे जावं. व्हायरल आजारानंतर ज्यांचा थकवा महिनोन्‌महिने हटत नाही, अशांना ठरलेल्या प्रमाणात व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला ब्रिटनमध्ये बरीच वर्षं दिला जात होता. २०२१ साली तिथल्या नाइस या संस्थेने आपल्या मार्गदर्शक सूचनांतून तो काढून टाकला.

पण म्हणून दिवसभर पलंगावर पडून राहायचं असंही नाही. पडून राहिल्याने मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू फार लवकर उतरतात. शिवाय दिवसा मोबाइल बघत, पेंगत पडलेला माणूस रात्री दोनला टक्क जागा असतो आणि झोपेची गोळी मागतो. ती मनाने घेऊ नका. सकाळी ठरलेल्या वेळी उठून उजेडात, गॅलरीत का होईना, बसा. दुपारी अर्धा-पाऊण तास झोपा, पण तीनच्या आत. संध्याकाळचा चहा काही दिवस सोडलात तर फार बरं. बरं होताना तळहात-तळपायांना रात्री विलक्षण खाज सुटते. ती दोन-चार दिवसांत आपोआप जाते. तोवर कढत पाण्याची अंघोळ टाळा, कॅलामाइन लावा, फारच त्रास झाला तर डॉक्टरांकडून गोळी लिहून घ्या. उरलेल्या अंगदुखीला पॅरासिटामॉलच. पेशी पूर्ववत होईपर्यंत अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको.

हातात घड्याळ बांधून नाडी मोजणाऱ्या तरुणांसाठी थोडं वेगळं. या काळात नाडी पन्नास-पंचावन्नपर्यंत मंदावलेली दिसू शकते. चक्कर वगैरे नसेल तर ती हळूहळू आपली आपण पूर्ववत होते. मात्र छातीत दुखणं, धडधड, जिना चढताना पूर्वी न लागणारी धाप यांपैकी काही असेल तर आधी ईसीजी, मग जिम. डेंग्यूत क्वचित हृदयाच्या स्नायूलाही सूज येते आणि तशी असेल तर काही महिने जोराचा व्यायाम बंद ठेवावा लागतो. तसं काही नसेल, तर अर्धा तास भरभर चालून दुसरा दिवस नेहमीसारखा जाऊ लागला की वजनं उचलायला हरकत नाही. तीही आधी निम्मी.

सहा आठवड्यांनंतरही थकवा तसाच असेल तर 'ताकदीचं सलाईन' लावून घेऊ नका. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. दोन-तीन महिन्यांनी कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले, तर तोही याच तापाचा उशिरा आलेला परिणाम. केस परत येतात. त्यासाठी महागडं तेल घ्यायची गरज नाही.