आयोवरील वायू

तळवड्याच्या परिसरात विहीर खणू लागले, की खाली काळा कातळ लागतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्हारसाचे थरांवर थर पसरले. त्यांचाच हा दगड. त्या वेळी निघालेले वायू मात्र केव्हाच विरून गेले. असे वायू पाहावयाचे, तर ज्वालामुखी धगधगत असतानाच पाहिले पाहिजेत.

अशा ज्वालामुखींनी भरलेला एक गोल म्हणजे गुरूचा ‘आयो’ हा चंद्र. तो १६१० साली गॅलिलिओने शोधला. १९७९ साली व्हॉयेजर-१ यानाने घेतलेल्या छायाचित्रात त्याच्या कडेवर ज्वालामुखीचा उंच फवारा दिसला. आयोचे विरळ वातावरण मुख्यतः सल्फर डायऑक्साइडचे आहे. आगकाडी ओढताच नाकाला झोंबतो तोच हा वायू. आयोची भूमी इतकी थंड, की तेथे तो हिमासारखा गोठून बसतो. मग वातावरणातील वायू ज्वालामुखीतून थेट येतो, की उन्हाने या हिमाची वाफ होऊन?

प्रत्येक वायूच्या खुणेच्या लहरी ठरलेल्या असतात. चाकणवरून नाशिकच्या रस्त्याने गेले असता नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या अँटेना दिसतात. ही रेडिओ दुर्बीण लांब लहरी टिपते. आयोवरील या वायूच्या, मिलिमीटरभर लांबीच्या लहरी आपल्या हवेतील बाष्प गिळून टाकते. म्हणून त्यांच्यासाठी चिली देशातील कोरड्या वाळवंटात, सुमारे ५,००० मीटर उंचीवर, ६६ अँटेनांची ‘अल्मा’ दुर्बीण उभारली आहे.

२०१८ साली शास्त्रज्ञांनी अल्मातून आयोचे ग्रहण पाहिले. आयो दर फेरीत सुमारे दोन तास गुरूच्या सावलीत शिरतो. ऊन नाहीसे झाले, की हिमाची वाफ पुन्हा गोठणार. ज्वालामुखीला मात्र उन्हाची काय पर्वा! एवढ्या मोठ्या दुर्बिणीपेक्षा मला ही साधी युक्तीच अधिक मोलाची वाटते. घडलेही तसेच. सावली पडताच काही मिनिटांत बहुतेक वायू ओसरला. काही ज्वालामुखींवरील फवारे तेवढे उरले. ऊन परतल्यावर सुमारे दहा मिनिटांत वातावरण पूर्ववत झाले. या निरीक्षणांवरून ३० ते ५० टक्के वायू ज्वालामुखीतून थेट येतो, असे अनुमान २०२० साली प्रसिद्ध झाले. उरलेला हिमाचा, पण ते हिमही मूळचे ज्वालामुखीतलेच.

आणखी एक गोष्ट आढळली. काही ज्वालामुखींवर पोटॅशियम क्लोराइडचा वायू होता; तेथे सल्फर डायऑक्साइड दिसला नाही. यावरून, सर्व ज्वालामुखींखालचा शिलारस एकसारखा नसावा, असे शास्त्रज्ञांना वाटते.