कांड्यातली बिऱ्हाडे

कोडगूच्या माकुट घाटात किंवा बिसले-सुब्रह्मण्य पट्ट्यातल्या सदाहरित जंगलात जाणार असाल, तर माथा गाठण्याच्या घाईत एक झाड चुकवू नका. हंबोल्टिया ब्रुनोनिस हे त्याचे शास्त्रीय नाव. मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणारे हे झाड फक्त पश्चिम घाटात, तेही कर्नाटक-केरळच्या बाजूला सापडते. आपल्या सीता अशोकाचे ते भाऊबंद आहे आणि त्याची कोवळी पालवी अशोकासारखीच मलूल लोंबते. पण खरी ओळख फांदीवर पटते. काही कांडी फुगलेली असतात, आतून पोकळ, आणि त्यांना चिरेसारखे दार असते. ते कोणी कुरतडलेले नसते, झाडच उघडते. सगळ्याच झाडांना अशी कांडी नसतात, त्यामुळे दोन-चार झाडे न्याहाळावी लागतील.

कांडे सापडले की दहापट मोठे दाखवणारे भिंग काढा आणि निवांत थांबा. पाहायचे ते एवढेच : इथे राहतो कोण आणि खातो काय?

सुरुवात पालवीपासून करा. कोवळ्या पानांवर आणि कळ्यांवर मधुरस स्रवतो, फुलातल्या मधाशी त्याचा संबंध नाही. तो चाटायला मुंग्या येतात. त्या बदल्यात त्या पाने खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात, असे आपण वाचलेले असते. इथे मात्र बहुतेक जातींच्या मुंग्या रस पितात, कांड्यात राहतात आणि राखण काहीच करत नाहीत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या रेने बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या झाडाचा बारकाईने अभ्यास केला आहे. खरी राखणदार ठरली ती टेक्नोमिरमेक्स अल्बिपेस ही बारीक काळी मुंगी. भिंगातून तिची फिकट पावले दिसतात. डिवचल्यावर बदामाच्या आकाराचे पोट पाठीवर उलटे उभारणारी मुंगी दिसली, तर ती क्रेमॅटोगॅस्टर. तिच्यातली डोहर्नी ही जात ज्या झाडावर राहते, त्याचीच फुले नासवते. राहायला घर आणि प्यायला रस देणाऱ्या झाडाचे बीज धरू न देणारी ही भाडेकरू मला या जंगलातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते.

काही कांड्यांत मुंग्या नसतातच. तिथे ब्राउनसॅपिस नावाची इवलीशी काळी मधमाशी बिऱ्हाड करते. तिच्या घरात पोळे नाही की खण नाहीत, सगळी पिल्ले एकाच नळीत शेजारी-शेजारी वाढतात आणि माशी त्यांना थोडे थोडे परागकण आणून भरवत राहते. हीच माशी झाडाच्या फुलांचे परागीभवन करते, म्हणजे तिचे भाडे चुकते होते. कधी कांड्यात चक्क गांडूळही असते! त्याच्या आणि मुंग्यांच्या विष्ठेतले पोषण झाड कांड्याच्या आतल्या भिंतीतून शोषून घेते.

हिवाळा सरताना जा. फुलांचा हंगाम तेव्हा मिळतो आणि जळवांचा त्रासही कमी असतो. जंगलवाटांसाठी वनखात्याची परवानगी आधीच काढा, उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने वाटा बंदही होतात. या भागात हत्ती आहेत, म्हणून वाट सोडून आत शिरू नका. वाटेकडेची झाडे पुरेशी आहेत.

आधी घराजवळ सराव करा. ऐनाच्या पानामागे देठालगत ठळक ग्रंथी असतात. नवी पालवी आली की त्यांच्यावर मुंग्या येतात. काजूच्या कोवळ्या पानांवरही हा खेळ दिसेल.

आत काय आहे हे बघायला कांडे चिरू मात्र नका. दाराशी बसलात तर रहिवासी स्वतःहून बाहेर येतात, आणि चिरलेल्या कांड्यात पुन्हा कोणाला राहता येत नाही.